भर दुपारचे लघाटे

झाशीत मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं दिसतात. ज्यांचं पोट हातावर आहे ती, आणि ज्यांची स्टेशनवर गाडी चुकली आहे ती. आमच्या कार्यालयात एक तिसरा प्रकार होता, लघाटेसाहेब. बाकीच्यांचा नाइलाज असतो. लघाटे हौसेने निघत. एकटे निघाले असते तर कोणाचीच हरकत नव्हती. ते आम्हाला सगळ्यांना घेऊन निघत.

कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. सरकारी नोकरीत नाव लिहिलं की खुलासा द्यावा लागतो. शहराचा कारभार बघणारं एक झोन कार्यालय, एवढं पुरे. रस्ते, नाल्या, दिवे, बगीचे, भाजीबाजार, कचरा, सगळ्याच्या फायली तिथे येत आणि शेवटी झोनल अधिकारी सदाशिव लघाटे यांच्या टेबलावरून पुढे जात. म्हणजे जायला हव्यात. बहुतेक आधी परत येत. फाइलच्या कडेला निळ्या शाईत, गोल वळणदार अक्षरात दोन शब्द लिहिलेले असत: ‘छाया? पानी?’

काम कोणतंही असो, ते झाल्यावर तिथल्या माणसाला सावली मिळेल की असलेलीही जाईल, आणि तिथे पडलेलं पाणी कुठे जाईल, हे लिहून द्या, मग सही. रस्त्याच्या फाइलला हेच, शौचालयाच्या फाइलला हेच, पुतळ्याभोवतीच्या कठड्यालाही हेच. आमचे हेड क्लार्क रामसेवक दुबे नव्या माणसाला कार्यालयाची ओळख करून देताना सांगत, “और दफ्तरों में फाइल चाय-पानी से चलती है. हमारे यहाँ छाया-पानी पर रुकती है.” सांगताना दुबेजी हसत नसत, कारण परत आलेली प्रत्येक फाइल नव्याने बांधायचं काम त्यांच्याकडे असे.

मी तिथे नवी ज्युनियर इंजिनियर होते, इकडच्या भाषेत जेई. माझे वडील सांगलीहून इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले, त्यामुळे मी वाढले टाउनशिपमध्ये. लघाट्यांचं घराणं झाशीत पेशव्यांच्या कारभाऱ्यांबरोबर आलेलं. कार्यालयाच्या व्हरांड्याला ते ‘पडवी’ म्हणत आणि लोखंडी कपाटाला ‘फडताळ’. शिपायालाही ते शब्द पाठ झाले होते. पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारून झाल्यावर ते म्हणाले, “तुमचं मराठी रेल्वेने आलंय. आमचं घोड्यावरून आलं, म्हणून जरा खरचटलंय.” त्यानंतर ते मला ‘अनघा’ आणि ‘तू’ म्हणू लागले, दुबेजी ‘अनघा मैडम’ म्हणत राहिले, आणि या दोघांच्या मध्ये माझी सात वर्षं गेली.

माझी पहिली फाइल मुलींच्या शाळेपासून टेम्पो स्टँडपर्यंतच्या रस्त्याची होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत इंटरलॉकिंगच्या टाइल्स, कडेला सिमेंटची किनार. नकाशा मी मन लावून काढला होता. तो दोन शब्द लावून परत आला, तेव्हा मी तो दुबेजींना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“आपका भी हो गया. अब दोपहर में जाना पड़ेगा. टोपी लाई हैं?”

टोपी मी आणली नव्हती. लघाट्यांचा नियम असा की सावलीची फाइल उन्हात तपासायची आणि पाण्याची पावसात. “सकाळी दहाला सगळे नकाशे बरोबर असतात,” ते म्हणत. निघताना ते गमछा ओला करून मानेभोवती घेत आणि सदऱ्याच्या खिशात एक कांदा टाकत. खिशात कांदा असला की लू, म्हणजे इकडचा भाजणारा उन्हाळी वारा, लागत नाही, ही बुंदेलखंडात सगळ्यांची श्रद्धा. इंजिनियरिंगची पदवी घेऊनही त्यांनी ती सोडली नव्हती. काळी छत्री बरोबर असे, पण मिटलेली, काठीसारखी. “छत्री उघडली की मला रस्ता बरा दिसायला लागतो,” हे त्याचं कारण. चालण्याचा क्रमही ठरलेला होता. सगळ्यात पुढे लघाटे, लांब ढांगा टाकत, किंचित पुढे वाकून. मागे ज्याची फाइल असेल तो. सगळ्यात शेवटी दुबेजी, डोक्यावरून गमछा ओढून, पाऊलभर चालून दोन पावलं कुरकुरत.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा शाळा सुटत होती. मुली रस्त्याच्या मधून चालत नव्हत्या. डाव्या भिंतीला हातभर सावली होती, तिला चिकटून एकामागे एक चालल्या होत्या. पुढे एक जुना कडुनिंब होता. त्याच्याखाली ई-रिक्षावाले, काकडी विकणारी बाई, दोन कुत्री आणि एक पोलीस, सगळे एका गोलात गोळा झालेले. माझ्या नकाशात त्या झाडाच्या खोडापर्यंत सिमेंट होतं.

लघाट्यांनी मला गोलाच्या बाहेर उभं केलं. “काय वाटतं?”

“चटके बसतायत, सर.”

“मग ते लिही.”

“फाइलमध्ये? चटके?”

“चटक्याला सरकारी शब्द नाही ना, म्हणून आपण तो लिहीत नाही. लिहीत नाही म्हणून दिसत नाही.” मग दुबेजींकडे वळून म्हणाले, “दुबे, ‘चटका’ को हिंदी में क्या लिखेंगे?”

“साहब, पहले छाँव में चलें, फिर बताते हैं.”

टाइल्स कमी झाल्या. डाव्या बाजूला मातीचा पट्टा राहिला, रस्त्याचा उतार त्या मातीकडे वळवला आणि पट्ट्यात कडुनिंब आणि अर्जुन लावले. मला तेव्हा राग आला होता. माझा सुंदर नकाशा कुरतडला असंच वाटलं. आज त्या रस्त्याने मी मुद्दाम वाट वाकडी करून जाते.

‘जलवायु परिवर्तन’, म्हणजे हवामानबदल, हा शब्द लघाट्यांच्या तोंडी मी क्वचितच ऐकला. विषय त्यांना पक्का ठाऊक होता. लखनौच्या प्रशिक्षणांना ते जात, तिथली जाडजूड पुस्तकं खरोखर वाचत. पण कार्यालयात तो शब्द कोणी काढला की ते अस्वस्थ होत. “एवढा मोठा शब्द आला की माणूस आभाळाकडे बघतो,” ते म्हणत. “आपल्याला नालीत बघायचंय.” आभाळाचं जे काय व्हायचं ते आपल्याकडे शेवटी उन्हाच्या आणि पाण्याच्या रूपानेच येणार, आणि तेव्हा लोक लखनौला नाही, झोन कार्यालयात येणार, हे त्यांचं साधं गणित होतं.

म्हणूनच जूनच्या वृक्षारोपणावर त्यांचा विशेष दात होता. आमच्याकडे जूनच्या सुरुवातीला लू वाहत असते. तेव्हा लावलेलं रोप म्हणजे गृहप्रवेशाच्या दिवशी उपाशी ठेवलेला पाहुणा. तरी दर वर्षी मोठे पाहुणे येत, खड्डा, रोप, झारी, फोटो होई आणि जुलैत खड्डे रिकामे. एका वर्षी लघाट्यांनी पाहुण्यांना सरळ तीन पावसाळ्यांपूर्वी लावलेल्या एका करंजापाशी नेलं. झाड चांगलं दोन पुरुष उंच झालं होतं. हातात झारी दिली.

पाहुण्यांचा सहायक कासावीस झाला. “नया पौधा कहाँ है?”

“नया बरसात में लगेगा,” लघाटे म्हणाले. “तब इन्हें कष्ट नहीं देंगे. आज इसे पानी पिला दें, बहुत प्यासा है.”

पाहुणे क्षणभर गोरेमोरे झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की या झाडाखाली उभं राहता येतं, आणि फोटोत ते स्वतः सावलीत येतायत. फोटो नेहमीपेक्षा बरा आला. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच फोन करून विचारलं की माझं झाड कसं आहे. लघाट्यांनी ते झाड त्यांच्या नावावर करून टाकलं आणि रोज पाणी घालायची व्यवस्था त्यांच्याच माणसाकडे सोपवली. दुसऱ्याच्या हौसेला कामाला जुंपणं यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

पण त्यांची खरी लढाई होती ती रॅम्पची. आमच्या शहरात घर आणि रस्ता यांच्यामध्ये उघडी नाली असते. स्कूटर किंवा गाडी घरात चढवायला लोक नालीवर सिमेंटचा पक्का उतार टाकतात, त्याला सगळे रॅम्प म्हणतात. एकेकाचा रॅम्प निरुपद्रवी असतो. गल्लीतल्या सगळ्यांचे झाले की खालून नाली साफ करता येत नाही, ती तुंबते, आणि पावसात पाणी गल्लीच्या सखल टोकाला ज्याचं घर असेल त्याच्या चुलीपर्यंत जातं. लघाट्यांचं म्हणणं एवढंच की पक्का रॅम्प नको, उचलता येईल अशी लोखंडी जाळी टाका. लोकांचं म्हणणं, जाळी खडखडते.

एका कापडव्यापाऱ्याचा रॅम्प तर चार गाड्यांएवढा रुंद होता. कार्यालयात येऊन ते आवाज चढवून बोलले, ओळखी सांगितल्या. लघाट्यांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि काहीच केलं नाही. दुबेजींना वाटलं, साहेब टरकले. ऑगस्टमध्ये एका दुपारी पावसाने झड धरली, तेव्हा लघाट्यांनी त्या व्यापाऱ्यांना फोन लावला.

“सेठजी, उस दिन आपने हमारी चाय पी थी. आज हम पिलवाते हैं, आपके ही मोहल्ले में. जूते मत पहनिएगा.”

गल्लीच्या खालच्या टोकाला रज्जोबाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. आत गुडघाभर पाणी. आम्ही सगळे लाकडी पलंगावर पाय वर घेऊन बसलो. लघाटे मधोमध, त्यांच्या शेजारी शेटजी, आणि कडेला दुबेजी, चप्पल हातात धरून. रज्जोबाईंनी शेगडी फळीवर ठेवून चहा केला, पाण्यातून चालत आणून दिला आणि शेटजींना बुंदेलीत विचारलं, “काए भैया, चीन्हो जौ पानी? तुमाए दुआरे को आय.” ओळखलंत का हे पाणी, तुमच्याच दारचं आहे.

शेटजींनी चहा संपवला. लघाटे तोपर्यंत रज्जोबाईंशी त्यांच्या मुलाच्या पॉलिटेक्निकबद्दल बोलत होते, जणू इथे सगळे त्यासाठीच जमले होते. परतताना कोणी रॅम्पचं नाव काढलं नाही. आठवड्याच्या आत शेटजींनी तो स्वतःच्या माणसांकडून फोडला आणि जाळी बसवली. गल्लीतल्या इतरांना मग आमची गरज उरली नाही. शेटजींनी केलं म्हटल्यावर त्यांचंही झालं.

या सगळ्यात लघाटे सुखी होते असं कोणालाही वाटलं असतं. त्यांची झोप उडवणारी गोष्ट दुबेजी बोलले, तीही अगदी सहज. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. लघाट्यांनी एक फाइल तिसऱ्यांदा परत पाठवली, तेव्हा ती बांधता बांधता दुबेजी म्हणाले, “साहब, आप रिटायर होंगे तो ये सवाल भी रिटायर हो जाएगा. इतना क्यों थकते हैं?”

लघाटे त्यावर हसले नाहीत. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला: मी गेल्यावर हे दोन प्रश्न कोण विचारणार? ते उघड बोलून दाखवत. जेवताना बोलत, दौऱ्यावर बोलत. मला म्हणाले, “एवढी वर्षं मीच विचारत राहिलो, हीच गफलत झाली. दुसऱ्या कोणाला सवयच लागली नाही.”

त्याच सुमारास वरून प्रस्ताव आला. आयुक्त मॅडम नव्या होत्या, तरुण होत्या, आणि लघाट्यांना ओळखत होत्या. त्याचं कारण कांदा. एका बैठकीत पेन काढताना लघाट्यांच्या खिशातला कांदा बाहेर पडला आणि घरंगळत थेट मॅडमच्या डायरीला जाऊन टेकला. लघाटे शांतपणे म्हणाले, “लू का है, मैडम. बैठक के बाद दौरे पर जाना है.” मॅडमनी कांदा परत दिला आणि त्या दुपारी दौऱ्यावर आल्या. तर आता त्यांनी ठरवलं होतं की कार्यालयात एक ‘जलवायु प्रकोष्ठ’, म्हणजे हवामानबदलाचा कक्ष, काढायचा. स्वतंत्र खोली, दारावर पाटी, दोन संगणक, आणि निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून प्रमुखपदी लघाटे.

आम्हाला आनंद झाला. माझ्या मते हाच उत्तम शेवट होता. साहेब राहतील आणि प्रश्नही राहतील. लघाट्यांनाही मोह झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. जिन्याजवळची ती रिकामी खोली त्यांनी उघडून घेतली होती. टेबल कुठे ठेवायचं ते पावलांनी मोजत होते, खिडकी उघडून वारा येतो का बघत होते. मला पाहून जरा ओशाळले.

“खोली छान आहे,” ते म्हणाले.

“मग घ्या ना, सर.”

त्यांनी खिडकी लावून घेतली. “इथे पाटी लागली ना अनघा, की रस्तेवाला म्हणणार, सावलीचं त्या खोलीत विचारा. नालीवाला म्हणणार, पाण्याचं त्या खोलीत. एका दारावर पाटी लागली की बाकीची सगळी दारं सुटली. मी आतमध्ये वारा खात बसेन आणि बाहेर जसं होतं तसं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना नम्रपणे नाही सांगितलं आणि खोलीच्या बदल्यात एकच गोष्ट मागितली. प्रत्येक शाखेच्या प्रत्येक फाइलच्या आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर सावली आणि पाणी हे दोन रकाने छापील असावेत, ते ज्याचं काम त्यानेच भरावेत, आणि भरल्याशिवाय फाइल टेबलावरून हलू नये. मॅडमनी मान्य केलं. घरी लघाटेकाकूंनी मात्र दोन दिवस अबोला धरला; निवृत्त लघाटे दिवसभर घरात असणार ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

रकाने छापून आले आणि आठवड्याभरात सगळ्या फायलींवर एकच उत्तर दिसायला लागलं: ‘लागू नहीं’. दिव्याच्या खांबाला सावली लागू नाही. भिंतीला पाणी लागू नाही. एकाने तर तलावाच्या पायऱ्यांच्या फाइलवर पाण्याच्या रकान्यात ‘लागू नहीं’ लिहिलं. लघाट्यांनी चिडचिड केली नाही. फक्त नियम काढला की ज्याला लागू नाही असं वाटतं त्याने भर दुपारी जागेवर येऊन ते दाखवावं. मे महिना होता. ‘लागू नहीं’ भराभर कमी झालं.

“पण हे तुम्ही आहात तोवर,” मी म्हणाले. “नंतर दौऱ्यावर कोण नेणार?”

“दुबे.”

मला वाटलं, ते थट्टा करतायत. दुबेजींइतका या प्रकाराचा वैरी कार्यालयात दुसरा नव्हता. पण लघाट्यांनी खरोखरच रकाने तपासायचं काम लेखी हुकमाने दुबेजींना दिलं.

“सर, ते तर पहिल्या दिवशी सगळ्यांना सोडून देतील.”

“देईलही,” ते म्हणाले. “पण बघ. मी जाणार. आज ना उद्या तुझी बदली होणार. आयुक्त तर काय, पावसाळी छत्रीसारखे येतात आणि जातात. दुबे इथेच आहे. जे काम दुबेच्या टेबलावर नाही, ते या कार्यालयात नाही.” मग म्हणाले, “आणि एवढी वर्षं उन्हात तो माझ्या मागे चालला आहे. काही तरी झिरपलं असेलच.”

हे ते आत्मविश्वासाने बोलले. पण बोलताना माझ्याकडे नाही, खिडकीबाहेर बघत होते.

निरोप समारंभात शाल, नारळ, भाषणं झाली. दुबेजींना बोलायला उभं केलं. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे करून सगळ्यांना दाखवले. “हम गोरे थे. साहब ने काला कर दिया.” एवढं बोलून खाली बसले, आणि सगळ्यात मोठा हशा तेव्हाच झाला. लघाटे हसता हसता डोळे पुसत होते.

काही महिन्यांनी माझी दुसऱ्या झोनमध्ये बदली झाली. गणपतीत मराठी मंडळात लघाटे भेटत. प्रसाद वाटत, माझ्या मुलाला मराठीत बोलायला लावत, त्याने हिंदीत उत्तर दिलं की म्हणत, “असू दे, समजतं ना? मग झालं.” कार्यालयातल्या शिपायापासून मांजरीपर्यंत सगळ्यांची चौकशी करत. फक्त एक गोष्ट कधी विचारत नसत. रकान्यांचं काय झालं, हे त्यांनी मला दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. मीही आपणहून काढलं नाही. मला नक्की ठाऊक नव्हतं, आणि वाईट काही असेल तर ते त्यांच्या कानावर घालणारी मी होऊ नये असं वाटत होतं.

मागच्या मे महिन्यात एका संयुक्त कामासाठी मी जुन्या कार्यालयात गेले, तेव्हा पडवीतल्या बाकावर, तक्रार घेऊन आलेल्या लोकांच्या रांगेत लघाटे बसलेले दिसले. दाढी वाढलेली, हातात एक अर्ज. मी धावत गेले. काकू न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि उद्या सकाळी त्यांना चाकाच्या खुर्चीवरून घरी आणायचं होतं. दारासमोर नाली, वर तीन पायऱ्या. गवंडी सिमेंट कालवायला तयार उभा होता. रॅम्पची परवानगी तेवढी हवी होती.

“तुम्ही रांगेत का बसलात? सरळ आत चला,” मी म्हणाले.

“अर्जदार आहे गं मी आता,” ते म्हणाले. पण उठले. घाईत होते.

दुबेजींनी खुर्ची दिली, काकूंची विचारपूस केली, अर्ज घेतला. चष्मा कपाळावर चढवून वाचायला लागले आणि मध्येच थांबले. चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं. मी त्यांच्या मागे उभी होते, मलाही दिसलं. पाण्याच्या रकान्यात, त्या ओळखीच्या निळ्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘लागू नहीं’.

“साहब,” दुबेजी हळू आवाजात म्हणाले, “ये किसने लिखा?”

लघाट्यांनी मान पुढे करून बघितलं. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. “मैंने ही लिखा होगा,” ते म्हणाले. “जल्दी में था. छोटा-सा रैंप है, दुबे. कुर्सी भर का.”

“सबका छोटा-सा ही होता है, साहब.”

मला दुबेजींचा संताप आला. ज्या माणसाने हे सगळं उभं केलं, त्याची बायको दवाखान्यात असताना हा त्याला त्याचाच नियम ऐकवतोय. मी तोंड उघडणार तेवढ्यात दुबेजींनी फोन उचलला आणि कोणाला तरी म्हणाले, “हओ, जाली वाला. चक्का न फँसे, ऐसी महीन जाली. ढलान लंबी रखना, बीमार आदमी की कुर्सी है. आज शाम तक लगनी है, कल नहीं.” फोन ठेवून लघाट्यांना म्हणाले, “भाभीजी कल जाली पर से ही चढ़ेंगी. सीमेंट नहीं पड़ेगा. लुहार पहुँच रहा है, तब तक जगह देख लें.”

“अभी?” लघाटे म्हणाले. “धूप बहुत है, दुबे.”

दुबेजींनी गमछा माठाच्या पाण्यात बुडवून पिळला, मानेभोवती घेतला. टेबलाचा ड्रॉवर उघडला. आत पाच-सात कांदे होते. एक त्यांनी आपल्या खिशात टाकला आणि दुसरा लघाट्यांपुढे धरला. बाहेरच्या बाकावर एक तरुण जेई फाइल घेऊन बसला होता, त्यालाही जाता जाता सांगितलं, “आप भी चलिए, लौटते में आपका ‘लागू नहीं’ भी देख लेंगे.” त्याने सवयीने टोपी घातली. इथे हे रोजचंच असावं.

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. लघाट्यांनी कांदा हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला. त्या दोन वर्षांत त्यांनी जे मला विचारलं नव्हतं, ते आता विचारायची गरज उरली नव्हती.

काकू दुसऱ्या दिवशी जाळीवरून घरी आल्या. जाळी खडखडते अशी त्यांची तक्रार होती म्हणे. महिन्याभरात मुलगी दोघांना भोपाळला घेऊन गेली आणि ते तिकडचेच झाले. फोन येतो. पण लघाट्यांना मी पाहिलं ते त्या दुपारी, पडवीच्या पायरीवरून, शेवटचं. उन्हात रस्ता पांढरा पडला होता. सगळ्यात पुढे दुबेजी होते, लांब ढांगा टाकत. त्यांच्या मागे तो जेई. आणि सगळ्यात शेवटी लघाटे, डोक्यावरून गमछा ओढून, दुबेजींना सारखे “अरे, ज़रा धीरे” म्हणत, हसत हसत चालले होते.